किरकोळ खर्चाचा शेवट

२ जुलै २००१, सोमवार

आजपासून आमच्या मेडिकल कॉलेजात 'किरकोळ खर्च' हे खातं बंद. मी, शांताराम वालावलकर, चीफ अकाउंट्स ऑफिसर, यांनी बंद केलं. (नेमणुकीच्या ऑर्डरमध्ये नुसतं 'अकाउंटंट' आहे. 'चीफ' मी लावतो, कारण माझ्या खाली कोणी नसलं तरी वरही कोणी काम करत नाही.)

स्टेशनजवळच्या क्लासात केलेला तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स आज कामी आला. एक्सेलमध्ये स्वतः सिस्टिम बांधली. पैसा कोणाला, कशासाठी, त्यातून कॉलेजला काय मिळालं, हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय सिस्टिम पुढे जाऊच देत नाही. लाल होते आणि टुंग करते. चोराला टुंग ऐकू आलं की पळता भुई थोडी.

चेअरमनसाहेबांना डेमो दिला. ते फोनवर होते. डेमो संपल्यावर त्यांनी हात वर केला. आशीर्वाद समजून खाली वाकलो.

५ जुलै

सर्व विभागांना एकेक फ्लॉपी पाठवली. सोबत सूचना : पुढच्या वर्षाचं बजेट यातच भरून द्यावं, कागद स्वीकारला जाणार नाही. भारतातल्या मेडिकल कॉलेजांत हे पहिल्यांदा होत असावं. निदान नालासोपाऱ्यात तरी.

संकल्प : रोज अर्धा तास लवकर ऑफिसला. चहा एकदाच. कोणावरही ओरडायचं नाही.

११ जुलै

बालरोग विभागाने फ्लॉपीला पंच मारून ती फाईलला लावून परत पाठवली. वर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा. शरीररचना विभागाची फ्लॉपी तेवढी भरून आली. त्यांनी प्रेतं टिकवायच्या औषधासाठी गेल्या वर्षीएवढेच पैसे मागितले. मी निम्मे केले. प्रेतं तीच आहेत, ती काही वाढत नाहीत. प्राध्यापक बोलायला आले, तर त्यांना तिसरा रकाना दाखवला : कॉलेजला काय मिळालं? ते म्हणाले की वास मिळेल.

शिपायावर ओरडलो. चहा चार वेळा. लोकांना बदल पचत नाही.

१६ जुलै

घरी वाद. क्षितिजाला सांगलीला फिजिओथेरपीची सीट मिळाली आहे. पोरीने स्वतःच्या मार्कांवर मिळवली, मान्य. पण फिजिओथेरपी म्हणजे लोकांचे गुडघे वाकवणं. तिला लहानपणापासून डॉक्टर व्हायचंय. पाच वर्षांची असताना बाहुलीला इंजेक्शन द्यायची, तेव्हापासून मी हे ठरवलेलं आहे.

आमचं कॉलेज नवं आहे. दरवर्षी दिल्लीचे इन्स्पेक्टर येतात, खाटा, पेशंट, डॉक्टर मोजतात आणि पास केलं तरच पुढची बॅच घ्यायला परवानगी मिळते. यंदा ते सप्टेंबरात येणार. पास झालो की नवी बॅच, आणि त्यातली एक सीट स्टाफच्या मुलांसाठी. आज चेअरमनसाहेबांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, बघू. त्यांच्यासारखा माणूस उगाच 'बघू' म्हणत नाही. तो शब्दच आहे.

सुहासिनीने विचारलं की 'बघू' हा शब्द सिस्टिमच्या कुठल्या रकान्यात बसतो. माझ्या पत्नीला टेक्नॉलॉजी समजत नाही.

२० जुलै

सांगलीची सीट सोडत असल्याचं पत्र टाईप केलं. क्षितिजाने सही केली. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? मी म्हटलं, तुझा बाप सिस्टिम आहे.

दिवसभर तिचे डोळे लाल होते. आतापासूनच अभ्यासाला लागलेली दिसते.

६ ऑगस्ट

सिस्टिमने आज मोठा मासा पकडला. मार्सेलचं बिल.

हा मार्सेल जवळच्या निर्मळ गावचा. टेम्पो आहे. पहाटे फुलं आणि केळी दादरला नेतो. त्याची वर्षाची बिलं आमच्याकडे 'किरकोळ, पाहुणचार' या नावाखाली पास व्हायची. इन्स्पेक्शनच्या दिवशी तो गास, निर्मळ आणि राजोडीहून टेम्पोत भरून माणसं आणतो आणि ती आमच्या खाटांवर झोपतात. खऱ्या पेशंटना आमच्या हॉस्पिटलचा पत्ता अजून सापडलेला नाही, त्यामुळे ही तात्पुरती व्यवस्था. सगळीकडे करतात म्हणे. मी नैतिक प्रश्नात पडत नाही, तो माझा विभाग नव्हे. माझा प्रश्न एवढाच की हा खर्च 'किरकोळ'मध्ये का?

मार्सेलला बसवून तिन्ही रकाने भरायला लावले. तो म्हणाला की अहो वालावलकरसाहेब, हे लिहायचं नसतं, आजवर कोणीच लिहिलं नाही. मी म्हटलं, म्हणूनच देश मागे आहे. नवं खातं उघडलं : 'भाडोत्री रुग्ण (एकदिवसीय)'. त्याखाली उपखातं : 'भाडोत्री प्राध्यापक'. टुंग झालं नाही. हिरवं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

१० ऑगस्ट

प्रति भाडोत्री रुग्ण खर्च काढला. धक्कादायक. या लोकांना दुपारी चिकन आणि भात दिला जातो! आजारी माणसाला चिकन? वैद्यकीयदृष्ट्याही चूक. बंद केलं. त्याऐवजी केळं. मग विचार केला की झोपून राहणाऱ्या माणसाला लागतं किती? अर्धं केळं. मार्सेलचंच केळं, त्याचं त्यालाच सोयीचं. खर्चाची रेघ स्क्रीनवर अशी खाली आली की क्षितिजाला ऑफिसात बोलावून दाखवावीशी वाटली. फोन केला. ती म्हणाली, नंतर.

संध्याकाळी राजोडीचा इग्नेशियस भेटायला आला. म्हातारा मासेमार, दर इन्स्पेक्शनला पेशंट असतो आणि त्याचा त्याला अभिमान आहे. त्याच्याइतकं छान कोणी खोकत नाही असं सगळे म्हणतात. त्याने विचारलं की साहेब, पानी तरी देनार ना, की तेपन अर्धंच? उद्धट. त्याच्या नावापुढे नोंद केली.

२१ ऑगस्ट

यंदा कोणाला कोणता आजार हेही सिस्टिम ठरवणार. पूर्वी मार्सेल टेम्पोतून उतरताना माणसाचा चेहरा बघून सांगायचा, तू दमा, तू हाड. ही काय पद्धत झाली? मी नावांची यादी आणि खाटांची यादी जोडून दिली. इग्नेशियसला प्रसूतीची खाट मिळाली. ही सिस्टिमची चूक नाही. त्याने पुरुष की स्त्री हा रकाना रिकामा सोडला होता.

बदलता आलं असतं, पण यादी लॉक झाली होती. पासवर्ड मी क्षितिजाच्या जन्मतारखेचा ठेवला होता आणि ती तारीख नक्की आठवेना. सुहासिनीला विचारायचं म्हणजे वर्षभर ऐकावं लागणार.

४ सप्टेंबर

डीन डॉ. क्लेमेंटीन तुस्कानो यांनी बोलावलं. सरकारी हॉस्पिटलातून रिटायर होऊन आमच्याकडे आल्या आहेत. म्हणाल्या की मिस्टर वालावलकर, इन्स्पेक्शनच्या फाईलला आपलं नेहमीचं बजेट लावा, एक पानी, गेल्या वर्षीसारखं. आणि लावायच्या आधी मला दाखवा.

दाखवणार होतो. पण श्रेय कुठे जातं ते मला ठाऊक आहे. वर त्यांचं नाव, खाली माझी स्पेलिंग तपासणी. प्रिंटिंग झाल्यावर थेट टेबलावरच ठेवीन.

१७ सप्टेंबर

बजेट छापून आलं. रंगीत. स्पायरल बाइंडिंग, पुढे प्लास्टिक. पान तीनवर गोल आलेख, एकेक खर्च एकेका रंगाचा. भाडोत्री रुग्णांना पिवळा दिला, उठून दिसतो. भाडोत्री प्राध्यापकांना निळा. इंग्रजीत करून घेतलं, दिल्लीच्या लोकांना मराठी कुठून येणार. पान चारवर मागच्या वर्षीशी तुलना : चिकन विरुद्ध केळं.

एक प्रत घरी आणली. सुहासिनीने पान तीन बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, हे इन्स्पेक्टरना देणार? म्हटलं, हो. तिने दुसऱ्यांदा विचारलं. दुसऱ्यांदाही हो म्हटलं. ती देवासमोर जाऊन बसली. भारावली असावी.

१९ सप्टेंबर, सकाळी ८

टेम्पोंची रांग. माणसं उतरून आपापल्या खाटांवर. सिस्टिम चोख.

सकाळी ११

इन्स्पेक्टर आले. तिघे. माझं बजेट चेअरमनसाहेबांच्या टेबलावर, फुलांच्या गुच्छाशेजारी. प्रसूती विभागात इग्नेशियसने चादर नाकापर्यंत ओढून घेतली होती, पण सवयीने खोकला. इन्स्पेक्टरबाईंनी चार्ट पाहिला, चादर वर करून पाहिली, परत सोडली. काही लिहिलं. शांत स्वभावाच्या वाटल्या.

दुपारी १.१५

अनपेक्षित. केळी वाटल्यावर वॉर्डात कुजबुज. मग सत्तरएक पेशंट एकदम बरे झाले आणि चालत गेटबाहेर गेले. मार्सेल मागून ओरडत होता. इग्नेशियस सर्वांच्या पुढे, हातात अर्धं केळं झेंड्यासारखं धरून. मनुष्यबळाची शिस्त हा माझा विभाग नव्हे.

दुपारी ४

मोठं यश! इन्स्पेक्टरनी माझं बजेट वाचलं. पान तीनवर तिघेही वाकले. एकाने चष्मा काढून पुसला. मला बोलावून विचारलं की हे कोणी केलं? म्हटलं, मीच, सर, एकट्याने. त्यांनी विचारलं की यातले आकडे खरे आहेत? मी म्हटलं, सर, सिस्टिममध्ये खोटं भरताच येत नाही. त्यांनी आणखी दोन प्रती मागितल्या. दोन!

डॉ. क्लेमेंटीन खिडकीबाहेर बघत होत्या. चेअरमनसाहेबांनी चहाचा कप बशीऐवजी फुलांच्या गुच्छात ठेवला. मोठ्या माणसांनाही आनंद आवरत नाही कधी कधी.

६ ऑक्टोबर

क्षितिजासाठी स्टेथोस्कोप आणि पांढरा कोट आणला. कोट एक साईज मोठा घेतला, सहा वर्षांचा कोर्स आहे. तिने घडी मोडली नाही. कपाटात ठेवला. सांगलीला कॉलेज सुरू झालं म्हणे, तिच्या मैत्रिणीचं पत्र आलं. ते पत्र तिने दोनदा वाचलं. मी म्हटलं, बघ, गुडघे वाकवायला लागल्या बिचाऱ्या.

९ नोव्हेंबर

दिल्लीचं पत्र आलं. परवानगी नाकारली. पुढची बॅच नाही. कारणं जोडली आहेत आणि जोडपत्र म्हणून माझं पान तीन, रंगीत झेरॉक्स. दिल्लीत रंगीत झेरॉक्स काढण्याइतकं ते त्यांना आवडलं, हे इथे कोणी लक्षात घेत नाही.

चेअरमनसाहेब बराच वेळ बोलले. शब्द लिहीत नाही. शेवटी म्हणाले की उद्यापासून तोंड दाखवू नका. म्हणजे घरून काम करायचं. परदेशात आता असंच असतं म्हणतात. फक्त कॉम्प्युटर देणार नाहीत म्हणाले.

स्टाफच्या सीटबद्दल विचारलं. त्यांनी पुन्हा हात वर केला. या वेळी पेपरवेट होता.

१० नोव्हेंबर

घरी सांगितलं. तपशील टाळले. क्षितिजाने विचारलं, मग मी आता काय करू? मी म्हटलं, एक वर्ष म्हणजे काय, चुटकीसरशी जाईल. तिने विचारलं, चुटकी कोणाची, बाबा? तिला बोलायची ही सवय कुठून लागली समजत नाही.

दिवाळी आली. आकाशकंदील लावला नाही. वीज वाचली.

४ जानेवारी २००२

कॉलेजात 'किरकोळ खर्च' परत चालू झालं असं ऐकलं. माझा कॉम्प्युटर रिसेप्शनवर आहे आणि त्यावर मुलगी पत्ते खेळते. देशाचं काय होणार.

संकल्प : कन्सल्टन्सी. 'मेडिकल फायनान्स अँड बजेट सिस्टिम्स'. कार्ड छापायला टाकली.

क्षितिजा नाक्यावरच्या मेडिकल स्टोअरमध्ये काउंटरला लागली. मेडिकल लाईन ती मेडिकल लाईनच. ओळखीच्यांना मी 'ती मेडिकलला आहे' असं सांगतो. खोटं त्यात काही नाही.

१८ मार्च

राज्यातल्या सगळ्या मेडिकल कॉलेजांना पत्रं पाठवली. सोबत पान तीन, नमुना म्हणून. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. लिहिलं होतं की कृपया हा कागद पुन्हा कोणालाही पाठवू नये. याचा अर्थ त्यांना तो स्वतःसाठीच ठेवायचा आहे. स्पर्धा सुरू झाली.

३० जून

क्षितिजाने यंदा पुन्हा फॉर्म भरला, सांगलीचा. सीट मिळाली नाही. मार्क तेच, पण या वर्षी रांग मोठी. मी म्हटलं, सुटलीस. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. बादली भरून वाहिली तरी बंद करेना. पाणी दिवसाआड येतं, हे तिला समजायला हवं.

तिच्या पगारावर घर चालतं. हे तात्पुरतं आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

मार्सेल घरी आला. कॉलेजने पुन्हा अर्ज केला आहे, इन्स्पेक्शन अठरा तारखेला. मला वाटलं, सल्ला मागायला पाठवलं असेल. कार्ड आणायला उठलो.

कार्ड नको म्हणाला. गेल्या वर्षीच्या केळ्यानंतर गास आणि राजोडीची माणसं यायला तयार नाहीत. इग्नेशियस तर टेम्पो दिसला की दगड उचलतो. माणसं कमी पडतात, तेव्हा साहेब, तुम्ही येता का? झोपायचं फक्त. मी म्हटलं की तिथे मला ओळखतील. तो म्हणाला की मिशी काढा, आणि खरं सांगू का, पेशंटच्या तोंडाकडे बघतं कोण?

अभिमान गिळून विचार केला. आपली सिस्टिम आपण खालच्या बाजूने कधी पाहिलेलीच नाही. फील्ड स्टडी म्हणून जायला हरकत नाही.

१७ सप्टेंबर

मिशी काढली. घरी सांगितलं, उद्या कन्सल्टन्सीची असाइनमेंट आहे. सुहासिनी म्हणाली की मग भोक नसलेलं बनियन घालून जा. तिला कळतं कसं काय?

क्षितिजानेही उद्या दुकानातून सुट्टी घेतली आहे. का, म्हणून विचारलं. काम आहे म्हणाली. कपाट उघडून बराच वेळ काहीतरी इस्त्री करत होती.

१८ सप्टेंबर २००२, बुधवार

सकाळी टेम्पोने गेलो. मागे, केळ्यांच्या रिकाम्या करंड्यांत. सर्जरी वॉर्ड, कोपऱ्यातली खाट. आजार : हर्निया, उजवी बाजू. यादी छापील होती. रकाने ओळखले. माझेच रकाने! चेअरमनसाहेबांनी मला काढलं, सिस्टिम नाही काढली. फक्त वर पेनाने 'पाहुणचार' लिहिलं होतं. त्या क्षणी फार बरं वाटलं.

इन्स्पेक्टर या वर्षी वेगळे. राउंडला आले तेव्हा त्यांच्यासोबत तरुण डॉक्टरांचा घोळका होता. हेही मार्सेलनेच आणलेले, त्याने टेम्पोत सांगितलं होतं की यंदा पेशंटबरोबर डॉक्टरही कमी पडतात. पांढऱ्या कोटातली एक मुलगी पुढे झाली. कोट एक साईज मोठा. गळ्यात स्टेथोस्कोप.

क्षितिजा.

तिने माझ्याकडे पाहिलं. मिशी नव्हती तरी ओळखलं असणार. मला वाटलं ती आता पळेल, किंवा रडेल. तिने माझं मनगट धरलं, घड्याळात बघितलं आणि विचारलं, काका, कुठे दुखतं?

मी म्हटलं, उजव्या बाजूला, मॅडम.

तिने पोटावर हात ठेवला, खोकायला सांगितलं. मी खोकलो. इग्नेशियससारखं जमलं नाही. इन्स्पेक्टरांनी तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं, न अडखळता. वर्षभर दुकानात औषधांच्या खोक्यांतले कागद वाचते म्हणून सुहासिनी तक्रार करायची, ते आठवलं. इन्स्पेक्टर म्हणाले, व्हेरी गुड, डॉक्टर. ती थँक्यू म्हणून पुढच्या खाटेकडे गेली. मागे वळून बघितलं नाही. माझी मुलगी डॉक्टर झाली आणि मला टाळीसुद्धा वाजवता येईना, कारण हर्निया होता.

दुपारी केळं आलं. अर्धं. मार्सेलला विचारलं की हे अजून चालू आहे? तो म्हणाला, यादीत तसंच छापून येतं, कोणाला बदलता येत नाही, पासवर्ड माहीत नाही म्हणे.

परत येताना डॉक्टर मंडळी पुढे ड्रायव्हरजवळ आणि पेशंट मागे. डॉक्टरांचा रेट जास्त आहे, तोही मीच ठरवला होता. तिचा कोट मागच्या जाळीतून दिसत होता. हाक मारली असती, पण कोणत्या नावाने मारायची ते सुचलं नाही.

घरी ती माझ्या आधी पोचली होती. सुहासिनीने तिला वाढलं आणि विचारलं, कसा होता पेशंट? क्षितिजा म्हणाली, काही झालेलं नाहीये त्याला, नुसता पडून असतो.

दोघी खूप हसल्या. गेल्या वर्षापासून या घरात कोणी हसलं नव्हतं, म्हणून मीही हसलो. हसता हसता उजव्या बाजूला खरंच दुखायला लागलं. कोणाला सांगितलं नाही.